पासष्टी पूर्ण झाली आणि दीड हजार थांबले

जानेवारी २०२५ मध्ये आमच्या भागातल्या एका विधवा बाईचे लाडकी बहीण योजनेचे पैसे बंद झाले. आधारकार्डावर तिची जन्मतारीख १ जानेवारी १९६० आहे, आणि ही योजना २१ ते ६५ वयाच्या बायकांसाठी आहे. ६५ च्या पुढच्या गरीब वृद्धांसाठी राज्याची श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना आहे. रक्कम तीच, महिन्याला १,५०० रुपये. देणारं सरकार तेच, घेणारी बाई तीच, आधार क्रमांकही तोच. तरीही श्रावणबाळचा पहिला हप्ता तिच्या हातात पडायला ऑक्टोबर उजाडला. मधल्या काळात काय काय झालं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. तिचं नाव, गाव, बँक, कार्यालय यातलं काही लिहिणार नाही. तापीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेलं जळगाव जिल्ह्यातलं एक गाव, एवढं पुरे. सगळे तिला आक्का म्हणतात, मीही तेच म्हणेन.

मी बचत गटांचं काम करते. गटाच्या बैठकीत बायका हप्त्याबरोबर कागदांच्या पिशव्याही घेऊन येतात, त्यामुळे अर्ज भरून देणं हा कामाचाच भाग झाला आहे.

आक्का दोन खोल्यांच्या घरात एकटी राहते. नवरा जाऊन वीसेक वर्षं झाली. मुलगा सुरतेला पॉवरलूमवर आहे, बायको-पोरं त्याच्याबरोबर. आखाजीला आणि दिवाळीला येतो, जमेल तेव्हा थोडे पैसे पाठवतो. आक्का निंदणीला, कापूस वेचायला जाते. आता वाकून काम होत नाही, म्हणून मुकादम तिला रोज बोलवत नाही. विधवा म्हणून तिला संजय गांधी निराधार योजनेचा लाभ कधीच मिळाला असता. पण नवऱ्याच्या मृत्यूची नोंद त्या वेळी कुणी केलीच नव्हती. वर्ष उलटून गेल्यावर अशी नोंद करायला दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. कुणीतरी तिला एवढंच सांगितलं की कोर्टात जावं लागेल, आणि तिने तो विषय तिथेच सोडला. वीस वर्षं एक योजना गावात होती आणि तिच्यासाठी नव्हती.

मग जुलै २०२४ आला. लाडकी बहीण योजनेच्या वेळी काय घडलं ते मी मुद्दाम सविस्तर सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्याशी ताडून पाहायचं आहे. अंगणवाडीताई मारुतीच्या पारावर मोबाइल घेऊन बसल्या. आक्काचं नाव केशरी रेशनकार्डात होतं. पिवळं किंवा केशरी कार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला माफ होता. रहिवासी दाखल्याऐवजी पंधरा वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड किंवा मतदान ओळखपत्र चालत होतं. फोटो काढला, हमीपत्रावर अंगठा घेतला, अर्ज गेला. ऑगस्टमध्ये राखीपौर्णिमेच्या आधी दोन महिन्यांचे ३,००० रुपये तिच्या जनधन खात्यात जमा झाले. तालुक्याला जावं लागलं नाही, कुणाच्या हातावर काही ठेवावं लागलं नाही. सरकारने मनावर घेतलं तर एका निरक्षर बाईपर्यंत सहा आठवड्यांत पैसे पोचतात, हे आमच्या गावाने डोळ्यांनी पाहिलं आहे.

त्या सोप्या दारातून नको ते लोकही आत आले, हे खरं आहे. पुरुषांच्या नावावरही पैसे गेल्याचं २०२५ मध्ये उघड झालं. त्याची दुरुस्ती व्हायलाच हवी, गरिबाच्या नावाने काढलेला पैसा आहे तो. पण दुरुस्ती करताना ओझं कुणाच्या डोक्यावर ठेवायचं, हा माझा प्रश्न आहे.

बंद झाल्याचं कुणी सांगितलंच नाही

जानेवारीचा हप्ता आला नाही. आक्काला वाटलं, उशीर झाला असेल. फेब्रुवारीत ती बँकमित्राकडे जाऊन आली, तिथून माझ्याकडे आली आणि म्हणाली, “ताई, मना पैसा कथा गयात?” त्याच महिन्यात सरकारने जाहीर केलं की ६५ ओलांडलेल्या १ लाख १० हजार महिलांना योजनेतून वगळलं आहे. बातमी वर्तमानपत्रात आली. आक्काला मात्र ना पत्र आलं, ना निरोप. तिच्याकडे स्मार्टफोन नाही, आणि अर्जावर दिलेला नंबर मुलाचा होता. त्याने ते सिम कधीच बदललं होतं.

या १ लाख १० हजार बायकांची वयं सरकारला ठाऊक होती, म्हणूनच तर त्यांना वगळता आलं. ज्या यादीवरून नावं कापली, त्याच यादीवरून “आता तुमचा अर्ज श्रावणबाळला” असं सांगता आलं असतं. नावं, आधार क्रमांक, खाती, गावं, सगळं त्या यादीत आहे. पण लाडकी बहीण महिला व बालविकास विभागाची, आणि श्रावणबाळ सामाजिक न्याय विभागाची. दोन विभागांतलं अंतर आक्काने पायी कापायचं, अशी आजची व्यवस्था आहे.

२१ हजारांचा दाखला

श्रावणबाळसाठी दोन गट आहेत. दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव असेल तर गट अ. त्यात केंद्राच्या इंदिरा गांधी वृद्धापकाळ निवृत्तीवेतनाचे २०० रुपये आणि उरलेले राज्याचे. यादीत नाव नसेल तर गट ब, आणि त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा तहसीलदारांचा दाखला. दारिद्र्यरेषेची यादी झाली तेव्हा आक्का सासरच्या एकत्र कुटुंबात होती, नोंद दिराच्या नावावर झाली. म्हणजे गट ब, म्हणजे उत्पन्नाचा दाखला.

या २१,००० आकड्यापाशी थोडं थांबायला हवं. लाडकी बहिणीला मर्यादा आहे अडीच लाख. त्याच बाईला ६५ वर्षं पूर्ण झाली की मर्यादा जवळजवळ बारा पटींनी खाली येते. वर्षाला २१,००० म्हणजे महिन्याला १,७५०, म्हणजे सगळ्या कुटुंबाला मिळून दिवसाला साठ रुपयेही नाहीत. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. कुटुंबातल्या एकाने ६८ दिवस खडी फोडली की २१,००० ओलांडले. कायद्याने मात्र तेव्हा हमी दिली होती १०० दिवसांची. सरकारने दिलेलं काम पूर्ण केलं तर सरकारच्याच हिशेबाने कुटुंब निराधार राहत नाही. हा आकडा इतका जुना आणि इतका खाली आहे की खरं उत्पन्न लिहिलं तर खानदेशातलं जवळपास कुठलंच मजुराचं घर त्यात बसणार नाही. म्हणून लोक खोटं लिहितात, तलाठी मान हलवतात, आणि कागद पुढे जातो. गरीब माणसाला लबाड ठरवून मग त्याला मदत करायची, ही पद्धत मला मनापासून चुकीची वाटते. २१,००० चा आकडा रोजगार हमीच्या मजुरीला जोडला तरी निम्मा प्रश्न सुटेल.

आक्काचं प्रकरण इथेच अडकलं. तिचं नाव मुलाच्या रेशनकार्डात होतं. नातवाच्या शिष्यवृत्तीसाठी त्या कुटुंबाचा दाखला आधीच निघालेला होता, ४८,००० रुपयांचा. आता त्याच कुटुंबाचा २१,००० चा दाखला कसा द्यायचा, असं तलाठी आप्पांनी विचारलं. त्यांचा प्रश्न रास्त होता. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. आम्ही त्यांना घरी यायची विनंती केली.

ते आले हे महत्त्वाचं. त्यांच्याकडे तीन गावांचा सजा आहे, वर पीक पाहणी आणि अतिवृष्टीचे पंचनामे. तरी ते आले, बसले, चूल पाहिली, घडवंचीवरचे डबे पाहिले. शेजारच्या दोघांना विचारलं की मुलगा इथे किती दिवस असतो. आक्का वेगळी राहते, वेगळं रांधते, असा पंचनामा झाला. त्याच्या आधारे रेशनकार्ड विभक्त करायचं ठरलं.

रेशनकार्डातून आईचं नाव कमी करायचा अर्ज मुलाला करावा लागला. त्यासाठी त्याने सुट्टी काढली आणि सुरत–भुसावळ गाडीने आला. सहीच्या जागी तो जरा वेळ थांबला. “आईला कमी करा असं लिहून द्यायचं का?” एवढंच त्याने विचारलं. गरजू म्हातारीला पेन्शन मिळावी म्हणून आधी तिला घरातून कागदोपत्री बाहेर काढावं लागतं. मुलगा असूनही म्हातारी उपाशी राहू शकते, ही साधी गोष्ट नियमांना दिसत नाही. वृद्धाचं उत्पन्न वेगळं मोजा आणि कुटुंब तसंच राहू द्या, ही मागणी आमच्या गटांतल्या बायकांनी वारंवार केली आहे.

नव्या कार्डावर धान्य मिळेल का ही आणखी एक काळजी होती. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो मिळतं, पण तालुक्याचा इष्टांक, म्हणजे ठरवून दिलेली लाभार्थ्यांची संख्या, भरलेला असला की नवं कार्ड हातात येऊनही धान्य सुरू होत नाही. सुदैवाने तिचं नाव आधीपासून धान्याच्या यादीत होतं, म्हणून तेवढं सुटलं.

उत्पन्नाच्या दाखल्याला महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली १५ दिवसांची मुदत आहे. मुदत टळली तर अपील करता येतं. आम्ही अर्ज ऑनलाइन केला, पावती जपून ठेवली, मुदत संपल्यावर प्रथम अपिलाचा कागद लिहून तहसीलच्या टपालात दिला. दोनच दिवसांत दाखला निघाला. हे मी वाचणाऱ्यांसाठी मुद्दाम लिहिते आहे: पावतीशिवाय अर्ज देऊ नका. पावती नसलेल्या कागदाला मुदत लागत नाही आणि अपीलही होत नाही.

जूनमध्ये पूर्ण फाइल तहसीलच्या संगांयो (संजय गांधी योजना) शाखेत गेली. समितीची बैठक लागली, अर्ज मंजूर झाला, जुलैअखेर आदेश हातात आला. आदेशात लाभ मंजुरीच्या महिन्यापासून होता. जानेवारीपासूनचे महिने कोरडेच गेले.

मंजूर झालं, पण जमा कुठे झालं?

आता सगळं झालं असं आम्हाला वाटलं. ऑगस्टमध्ये पैसे आले नाहीत. तहसीलमध्ये सांगितलं, “इकडून गेलेत, बँकेत विचारा.” बँकेत सांगितलं, “इथे आलेले नाहीत, तहसीलला विचारा.” दोघंही खरं बोलत होते.

पूर्वी तहसीलदार यादी आणि धनादेश बँकेला पाठवायचे, बँक यादी पाहून खात्यात पैसे टाकायची. उशीर व्हायचा, पण पैसे पासबुकावरच्या खात्यातच पडायचे. २०२४ च्या अखेरीपासून या योजनांचे पैसेही थेट लाभ हस्तांतरणाने, आधारच्या आधारे जाऊ लागले. यात अर्जावर लिहिलेला खाते क्रमांक पाहिलाच जात नाही. राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाच्या नोंदीत त्या आधार क्रमांकासमोर ज्या बँकेचं नाव आहे, तिकडे पैसे जातात. एका आधारसमोर एकच बँक असते, शेवटी जिने नोंद केली ती. खात्याला आधार जोडलेलं असणं आणि या नोंदीत बँकेचं नाव असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. “माझं खातं आधारला लिंक आहे” असं पासबुक दाखवून सांगणाऱ्या बाईचे पैसे दुसरीकडे जातात ते यामुळे. हा काही आमच्याच तालुक्याचा घोळ नाही. २०१७ मध्ये एका मोबाइल कंपनीच्या पेमेंट्स बँकेने सिम पडताळणीच्या नावाखाली लोकांची खाती उघडली आणि गॅसचं अनुदान लाखो ग्राहकांच्या नकळत तिकडे वळलं होतं.

आक्काला विचारलं, दुसरं खातं कुठे उघडलं होतं का? नाही म्हणाली. मग बऱ्याच वेळाने आठवलं. होळीच्या आधी आठवडे बाजारात एक पोरगा टेबल मांडून बसला होता, नवं सिम देत होता. त्याने यंत्रावर दोनदा अंगठा घेतला. दुसरा कशासाठी, ते तिला कळलं नव्हतं.

कुठल्या बँकेची नोंद आहे ते आधारच्या संकेतस्थळावर पाहता येतं. पण त्यासाठी आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. तिच्या आधारला मुलाचं ते बंद पडलेलं सिम जोडलेलं. नंबर बदलायचा तर आधार केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे द्यायचे. चाळीस वर्षं कापूस वेचलेल्या बोटांच्या रेषा यंत्राला दिसत नव्हत्या. केंद्रावरच्या मुलीने घाई केली नाही. हात धुवायला लावले, थोडं तेल लावून पुसायला सांगितलं, मग डोळ्यांची पडताळणी करून काम पूर्ण केलं. दुसऱ्या केंद्रावर याच आक्काला “ठसे येत नाहीत, घरी जा” असं सांगून परत पाठवलं होतं.

देशातलं पहिलं आधारकार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी आमच्याच खानदेशात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. तेव्हा सांगितलं होतं की गरिबाचा पैसा आता मधे कुणी खाणार नाही. आक्काचा पैसा कुणी खाल्ला नाही, तेवढं खरं. तो तिच्याच नावावर, तिला माहीत नसलेल्या खात्यात सुरक्षित पडून होता.

शेवटी गाठ सुटली ती तहसीलमधल्या अव्वल कारकुनामुळे. तालुक्याच्या लोकशाही दिनात, तिसऱ्या सोमवारी, आम्ही लेखी तक्रार दिली. त्यांनी आक्काला समोर बसवून संगणकावर हप्त्याचा अहवाल उघडला. त्यात पैसे जमा झालेल्या बँकेचं नाव स्पष्ट होतं. पाच मिनिटांचं काम. ते म्हणाले, “ताई, हे आम्हाला दिसतं, पण विचारतं कोण? सगळे विचारतात पैसे आले का.” त्यांचा मी राग करत नाही. त्यांच्या एकट्याच्या टेबलावर हजारो लाभार्थी आहेत. पण आक्काची निम्मी पायपीट त्या एका नावासाठी झाली होती, आणि ते नाव त्या टेबलावर पहिल्या दिवसापासून होतं.

पुढचं काम सोपं होतं. जुन्या बँकेत संमतीपत्र भरून नोंद परत जनधन खात्याकडे वळवली. बाजारातल्या खात्यात अडकलेले पैसे नव्या मोबाइल नंबरवरून काढून घेतले. ऑक्टोबरमध्ये, दिवाळीच्या तोंडावर, आक्काने बँकेत अंगठा देऊन दोन हप्त्यांची रक्कम उचलली. त्यातून आधी किराणा दुकानाची उधारी दिली.

या प्रकरणात कुणी लाच मागितली नाही, हे सांगायला हवं. जवळजवळ प्रत्येक टेबलावर चांगली माणसं भेटली. तरीही इतके महिने गेले. म्हणून “अधिकाऱ्यांची मानसिकता बदला” हे नेहमीचं उत्तर मला पटत नाही. प्रत्येक टेबलाला रस्त्याचा आपापला तुकडाच दिसतो, आणि सगळा रस्ता चालून पाहणारी एकच व्यक्ती असते, अर्जदार. तिला वाचता येत नाही, आणि तालुक्याला जायचं तर त्या दिवसाची मजुरी बुडते. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पण आमच्या गावाला सकाळी एक आणि संध्याकाळी एकच गाडी. बाकी वेळी ॲपे रिक्षा, पूर्ण भाड्याची. हप्ता नाकारला गेला किंवा भलत्या बँकेत गेला, तर ते तहसीलने स्वतः ग्रामपंचायतीत कळवावं. अहवालात दिसतं ते फळ्यावर आधार क्रमांक न देता, नाव आणि बँकेचं नाव एवढंच लिहावं. याला नवा कायदा लागत नाही, पैसाही लागत नाही.

सप्टेंबर २०२५ पासून लाडकी बहीण योजनेत ई-केवायसी सुरू झालं. त्यात बाईच्या आधाराबरोबर नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधार मागत होते. नवरा आणि वडील दोघंही वारलेल्या बायकांनी कुणाचा ओटीपी आणायचा, हे विचारत त्या रोज अंगणवाडीताईंकडे येत होत्या. जे दार गावात सोपं होतं, त्याचीही वाट तशीच अवघड झाली.

आमच्या गटांपुरतं आम्ही एक काम हाती घेतलं आहे. आधार काढताना ज्यांना जन्मतारीख सांगता आली नाही त्यांच्यापैकी बहुतेकींच्या कार्डावर १ जानेवारीच पडली आहे. म्हणजे दरवर्षी १ जानेवारीला गावागावांतल्या कितीतरी बायका एकाच दिवशी लाडकी बहीण योजनेतून बाहेर पडणार. आमच्या पाच गावांतल्या गटांत १ जानेवारी १९६१ तारीख असलेल्या सात जणी निघाल्या. त्यांची रेशनकार्डं पाहून झाली, तिघींची विभक्त करावी लागणार आहेत. प्रत्येकीच्या आधारसमोर कोणत्या बँकेची नोंद आहे ते तपासतो आहोत. दोघींची नोंद भलत्याच बँकेकडे निघाली, त्यातल्या एकीला ते खातं माहीतच नव्हतं. उत्पन्नाचे दाखले डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात टाकायचे. या सातही जणींचे अर्ज १ जानेवारी २०२६ लाच स्वीकारून पहिल्याच बैठकीत ठेवावेत, असं निवेदन तहसीलदारांना दिलं आहे. साहेबांनी तोंडी होकार दिला. आम्ही पोच घेतली आहे, आणि लेखी उत्तर मागितलं आहे.